नकाशाचं प्रमाण आणि आपलं अनुमान

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं भूगोलाच्या पुस्तकात काय काम? काम आहे, आणि ते एका शब्दामुळे आहे. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ‘१ सेंमी = ५ किमी’ किंवा ‘१:५०,०००’ असं लिहिलेलं असतं, त्याला आपण मराठीत ‘प्रमाण’ म्हणतो. आणि आपल्या दर्शनशास्त्रांत खऱ्या ज्ञानाचं जे साधन, त्यालाही ‘प्रमाण’च म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही न्यायदर्शनातली चार प्रमाणं तुम्ही या मालेत पूर्वी ऐकली आहेत. शब्द एकच, अर्थ दोन. आणि होतं असं, की नकाशावरचं पहिल्या अर्थाचं प्रमाण आपण नकळत दुसऱ्या अर्थानं घेतो. कोपऱ्यात छापलंय म्हणजे ते खरंच, असं धरून चालतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढणं ही मोजणी नव्हे, ते अनुमान आहे. अनुमान हे कमी दर्जाचं ज्ञान असतं असं मी म्हणत नाही. पण अनुमानाला अटी असतात. आपल्याकडे शाळेत या अनुमानातला गुणाकार शिकवला जातो, अटी शिकवल्या जात नाहीत. ही माझी टीका आहे, आणि ती कोणा एका पुस्तकावर नाही, एका सवयीवर आहे. या सवयीचे परिणाम परीक्षेतल्या दोन मार्कांपुरते राहत नाहीत. ते कोणाच्या तरी घरापर्यंत पोहोचतात. ते कसे, ते पुढे बघू.

गुणाकार

आधी जे शिकवतात ते नीट मांडू या, कारण टीका करायची तर समोरच्या पक्षाला न्याय द्यायला हवा. पूर्वपक्ष पक्का मांडल्याशिवाय खंडन करायचं नाही, ही आपली जुनी रीत आहे.

प्रमाण तीन तऱ्हांनी सांगतात. शब्दप्रमाण, म्हणजे ‘एका सेंटीमीटरला पाच किलोमीटर’. अंकप्रमाण, म्हणजे १:५०,०००. कागदावर एक, तर जमिनीवर त्याच एककात पन्नास हजार. आणि रेषाप्रमाण, म्हणजे खाली काढलेली ती खुणांची छोटी पट्टी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा स्थलदर्शक नकाशा घ्या. एक सेंटीमीटर म्हणजे पन्नास हजार सेंटीमीटर, म्हणजे पाचशे मीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन गावांमध्ये पट्टीनं ७.४ सेंमी भरले तर अंतर ३.७ किमी. सेंटीमीटरच्या आकड्याला दोननं भागा, किलोमीटर मिळतात. त्याच्या आधीचे नकाशे ‘एक इंचाला एक मैल’ असे होते. एका मैलात ६३,३६० इंच, म्हणून त्यांचं प्रमाण १:६३,३६०. जुना नकाशा हातात आला तर हे लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर दोननं भागून सव्वापटीनं चुकाल.

एक गोंधळ इथेच दूर करतो. १:४,००० आणि १:४५,००,००० यांत मोठं प्रमाण कोणतं? पुष्कळ जण दुसरं म्हणतात, कारण आकडा मोठा दिसतो. पण हा अपूर्णांक आहे. चार हजारावा भाग हा पंचेचाळीस लाखाव्या भागापेक्षा मोठा. म्हणून गावाचा नकाशा बृहत्प्रमाण आणि देशाचा नकाशा लघुप्रमाण. पुढे हे लागणार आहे.

इथवर सगळं बरोबर आहे. मुलाला हा गुणाकार आलाच पाहिजे. माझी तक्रार इतकीच, की आपण इथे थांबतो.

धूर, अग्नी आणि ओलं सरपण

अनुमानाचं शाळकरी उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती आहे. आता ते उलटं करा. जिथे अग्नी तिथे धूर, हे चालेल का? नैयायिक म्हणतात, चालणार नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे आणि धूर नाही. मग बहुतेक वेळा अग्नीबरोबर धूर का दिसतो? तर सरपण ओलं असतं म्हणून. ही जी न सांगितलेली अट, ओल्या सरपणाची, तिला ‘उपाधी’ म्हणतात. अनुमानात उपाधी लपलेली असेल तर ते कधी खरं ठरतं, कधी खोटं, आणि माणसाला कळत नाही की का.

‘कागदावर इतके सेंटीमीटर, म्हणून जमिनीवर इतके किलोमीटर’ हे अनुमान असंच आहे. त्यात उपाधी आहेत. मी चार सांगतो. त्यांतल्या तीन भरभर, चौथीवर थांबणार आहे.

पहिली उपाधी कागदाची. नकाशा ज्या आकारात छापला त्याच आकारात तुमच्या हातात असायला हवा. आज नकाशा फोनवर येतो, आपण दोन बोटांनी तो मोठा करतो, कोणीतरी झेरॉक्स काढून देतं. ए-३ आकाराचा कागद ए-४ वर उतरवला तर प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के होते. कोपऱ्यातलं वाक्य मात्र ‘१:५०,०००’ असंच राहतं. खरं प्रमाण आता जवळजवळ १:७०,७०० झालेलं असतं. दहा सेंटीमीटरला तुम्ही पाच किलोमीटर म्हणता, ते असतात सात. तीन तऱ्हांपैकी फक्त रेषाप्रमाण इथे टिकतं, कारण नकाशाबरोबर ती पट्टीही लहान होते. तीन प्रकार पाठ करून घेताना त्यांतला हा फरक सांगितला, तर मुलांना पाठ करण्याचं कारण तरी कळेल.

आणि छापलेलं प्रमाण तपासताही येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किमी. १:५०,०००च्या पत्रकावर वरपासून खालपर्यंत १५ मिनिटं अक्षांश असतात, म्हणजे पाव अंश, म्हणजे सुमारे २७.७ किमी. कागदावर ते ५५ सेंमीच्या आसपास भरायला हवेत. तितके भरले नाहीत तर कागद बदललाय. प्रमाणाला प्रमाण काय, असा प्रश्न आपल्याकडे विचारतात ना, त्याचं हे साधं उत्तर. घरी करून बघा.

दुसरी उपाधी पृथ्वीच्या गोलपणाची. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवला की सगळीकडे एकच प्रमाण राहूच शकत नाही. लहान भागाच्या नकाशात हा फरक नगण्य असतो, देशाच्या आणि जगाच्या नकाशात असत नाही. मर्केटरनं १५६९ साली जो जगाचा नकाशा केला, त्याच पद्धतीचं एक रूप आज फोनवरच्या बहुतेक नकाशांच्या मुळाशी आहे. त्यात विषुववृत्तापासून लांब जावं तसं सगळं ताणलं जातं; साठ अंशांवर दुप्पट. फोनवरचा नकाशा सपाट स्वरूपात उघडा, झूम तेवढाच ठेवा आणि कन्याकुमारीहून श्रीनगरला सरका. खालची पट्टी बदलते. कन्याकुमारीला जो सेंटीमीटर शंभर किलोमीटर सांगतो, तोच श्रीनगरला सुमारे चौऱ्याऐंशी सांगतो. लंडनमध्ये ऐकणारे काही श्रोते आहेत, त्यांच्यासाठी सांगतो: तुमच्या पडद्यावरचा सेंटीमीटर पुण्याच्या सेंटीमीटरच्या साधारण दोन तृतीयांश अंतराचा असतो. म्हणून भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावून ‘मुंबई ते लंडन किती’ हे काढायला सांगणं, हा मुलांना दिलेला चुकीचा धडा आहे.

तिसरी उपाधी सपाटीची. नकाशा वरून बघतो, त्यामुळे त्याला आडवं अंतर कळतं, चढ कळत नाही. ही उपाधी लोकांना माहीत असते. ट्रेकला जाणारे तर हमखास सांगतात, ‘नकाशात दोनच किलोमीटर दिसतं हो, पण चढ आहे’. पण हिशेब केला तर गंमत दिसते. पाच मीटर पुढे जाताना एक मीटर चढ, म्हणजे चांगला दम लावणारा रस्ता. त्यात खरं अंतर फक्त दोन टक्के वाढतं. दोन मीटरला एक मीटर असा खडा चढ घेतला तरी बारा टक्के. दम लागतो तो उंचीमुळे. अंतर त्या मानानं फारसं वाढत नाही. मग नकाशावरचे दोन किलोमीटर पायाखाली तीन का होतात? ते होतात चौथ्या उपाधीमुळे.

वळणं कुठे गेली?

चौथी उपाधी म्हणजे वळणांची. नकाशावर वळणं किती दाखवली आहेत, यावर अंतर अवलंबून असतं. आणि ती किती दाखवायची हे प्रमाणच ठरवतं.

१:५०,०००वर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. घाटातलं तीस मीटरचं वळण तिथे जेमतेम ०.६ मिलिमीटर जागा घेतं. नकाशा काढणारा काय करेल? सात वळणं असतील तिथे तीन दाखवेल, उरलेली सरळ करेल. हा त्याचा आळस नाही, नाइलाज आहे. याला शास्त्रात सामान्यीकरण म्हणतात. उलटंही होतं. रस्ता मिलिमीटरभर जाड रेषेनं दाखवला असेल आणि तुम्ही गुणाकार केलात, तर तो पन्नास मीटर रुंद निघेल. विहिरीची खूण मिलिमीटरभराची असेल, तर पन्नास मीटर व्यासाची विहीर! ते कोणी म्हणत नाही, कारण तिथे आपली अक्कल जागी असते. खूण ही खूण आहे, तिला गुणायचं नसतं, हे आपल्याला समजतं. पण रस्त्याची रुंदी खूण आहे हे ज्याला समजलं, त्यानं पुढचा प्रश्न विचारायला हवा, की रस्त्याची लांबी तरी कितपत खूण आहे आणि कितपत रस्ता?

पट्टीऐवजी दोरा ठेवा, रेषेवरून वळवत न्या, मग दोरा सरळ करून मोजा, असं पुस्तकात सांगतात. छान उपाय आहे. पण दोरा नकाशावरच्या रेषेची वळणं मोजतो, जमिनीवरच्या वाटेची मोजत नाही. जी वळणं काढणाऱ्यानं गाळली, ती दोऱ्याला कुठून सापडणार?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते, शांततावादी. शेजारी देशांमधल्या युद्धांचा त्यांच्या सरहद्दीच्या लांबीशी काही संबंध आहे का, हे ते तपासत होते. त्यासाठी लांबीचे आकडे गोळा करताना त्यांना दिसलं, की स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सरहद्द एका ठिकाणी ९८७ किमी आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किमी दिली आहे. सरहद्द तीच, फरक सव्वादोनशे किलोमीटरचा. त्यांनी नकाशावर डिव्हायडर चालवून पाहिला. डिव्हायडरची टोकं जितकी जवळ, तितकी लांबी जास्त. हे काम त्यांच्या निधनानंतर १९६१ साली प्रसिद्ध झालं, आणि १९६७ साली बेन्वा मँडेलब्रॉट यांनी त्याच्या आधारे ब्रिटनचा किनारा किती लांब, या प्रश्नावर आपला गाजलेला निबंध लिहिला. सारांश असा: वाकड्यातिकड्या रेषेची ‘खरी’ लांबी अशी एक वस्तू तिथे पडलेली नसते. कोणत्या मापानं मोजता ते सांगा, मग लांबी सांगतो.

वैशेषिकांनी परिमाण हा गुण मानला आणि तो द्रव्यात राहतो असं म्हटलं. अणु, महत्, दीर्घ, ह्रस्व. टेबलाच्या बाबतीत ते चालून जातं. किनाऱ्याच्या बाबतीत मात्र लांबी हा किनारा आणि मोजणारा यांच्यातला संबंध ठरतो. हे ऐकायला अवघड वाटतं, म्हणून आता आपल्या घरचं उदाहरण घेतो.

महाराष्ट्राचा किनारा किती?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणालाही विचारा. उत्तर येईल, ७२० किमी. आपण सगळे हेच शिकलो. केंद्र सरकारच्या जुन्या यादीत महाराष्ट्राचा आकडा ६५२.६ किमी होता. आणि अलीकडे केंद्राने जी नवी गणना स्वीकारली, तिच्यात तो ८७७.९७ किमी आहे. तीन आकडे, तिन्ही छापील. संपूर्ण भारताचा किनारा पूर्वी ७,५१६.६ किमी म्हणत. आता तो ११,०९८.८१ किमी आहे. म्हणजे जवळजवळ ४८ टक्के जास्त.

या बातमीचे मथळे आठवा. ‘भारताचा समुद्रकिनारा वाढला’. माझा आक्षेप या क्रियापदाला आहे. जमीन तीच, समुद्र तोच. जुनी गणना १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून होती, नवी १:२,५०,००० वरून. प्रमाण अठरापट मोठं झालं. पहिल्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. त्यावर कोकणातली एखादी किलोमीटरभर रुंद मुखाची खाडी शोधा. ती पाव मिलिमीटरहून कमी भरते, म्हणजे रेषेच्या जाडीतच बुडते. दुसऱ्या नकाशावर तीच खाडी चार मिलिमीटरची होते. आता मोजणारा खाडीच्या मुखावरून उडी मारत नाही, आत जातो आणि दुसऱ्या काठानं परत येतो. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांचा आपला किनारा; तो लांब निघाला यात नवल काय?

राज्यवार आकडे बघितले की हे आणखी स्पष्ट होतं. केरळचा किनारा बराचसा सरळ. तो सुमारे ५७० वरून ६०० वर गेला, पाचच टक्के. महाराष्ट्र सुमारे ३५ टक्के वाढला. गोवा १०१ वरून १९३.९५ वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि पश्चिम बंगाल, सुंदरबनाच्या असंख्य फाट्यांचा, तो १५७ वरून ७२१ वर गेला. साडेचारपट! नकाशा बदलल्यावर कोणाचा आकडा किती वाढतो, त्यावरून किनारा किती वाकडा हे कळतं. म्हणजे दोन आकड्यांमधला फरक हीच माहिती आहे. आपण मात्र जुना आकडा चूक आणि नवा बरोबर, असं म्हणून मोकळे होतो. उद्या १:५०,०००वरून मोजलं तर आकडा आणखी वाढेल. तेव्हा आजचा बरोबर आकडा चूक ठरेल का?

सगळा फरक प्रमाणाचाच, असंही मी म्हणणार नाही. पुदुच्चेरीचा आकडा उलट कमी झाला आहे. किनारा झिजतो, भर पडते, कोणती रेषा किनारा मानायची हे ठरवावं लागतं. नव्या गणनेत भरतीच्या पाण्याची रेषा धरली आहे. खाडीत किती आतपर्यंत जायचं हेही कोणीतरी ठरवतं. पण हे सगळे निर्णय आहेत, आणि निर्णय आकड्याबरोबर सांगायचे असतात. ‘महाराष्ट्राचा किनारा ७२० किमी’ हे माझ्या मते अपुरं वाक्य आहे. कर्म नसलेल्या सकर्मक क्रियापदासारखं. कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून, कोणती रेषा धरून, हे सांगितलं की वाक्य पुरं होतं.

रेषेच्या जाडीत राहणारी माणसं

आता तो घराचा मुद्दा. किनारा नियमन क्षेत्राचे नियम तुम्ही ऐकले असतील. भरतीरेषेपासून पन्नास मीटर, दोनशे मीटर, पाचशे मीटर अशी अंतरं त्यात येतात. गावाच्या लोकसंख्येच्या घनतेप्रमाणे ना-विकास क्षेत्र ठरतं. हे नियम नकाशावर उतरवावे लागतात. त्यासाठी १:२५,०००चे नकाशे असतात, आणि गावपातळीवर साधारण १:४,०००चे.

हिशेब करू. १:२५,०००च्या नकाशावर भरतीरेषा अर्धा मिलिमीटर जाड काढली, तर ती जमिनीवर साडेबारा मीटर होते. साडेबारा मीटर म्हणजे एखाद्या कोळ्याचं घर, अंगण आणि जाळी वाळत घालायची जागा. रेषेच्या समुद्राकडच्या कडेपासून पन्नास मीटर मोजले तर घर बाहेर, जमिनीकडच्या कडेपासून मोजले तर आत. दोन्ही वेळा पट्टी बरोबर, गुणाकार बरोबर. तीच रेषा १:४,०००वर काढली तर दोन मीटरची होते. तिथे निदान भांडण दोन मीटरचं राहतं.

म्हणजे बृहत्प्रमाण आणि लघुप्रमाण हा फरक तपशिलाचा नाही, न्यायाचा आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर पाच मीटरच्या अचूकतेनं हवं, तो प्रश्न अशा नकाशाला विचारायचाच नाही, ज्याच्या एका रेषेत साडेबारा मीटर मावतात. हे ज्या अधिकाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्या गावकऱ्याला ठाऊक आहे, त्यांचं बोलणं होऊ शकतं. गावकऱ्याला ठाऊक नसेल तर त्याच्यापुढे नकाशा ठेवला, की तो गप्प होतो. छापलेलं प्रमाण त्याला आप्तवाक्य वाटतं. सरकारी शिक्का, पट्टी, गुणाकार, बोलणार काय? त्यानं एकच प्रश्न विचारायला हवा: ‘साहेब, ही रेषा जमिनीवर किती मीटर जाड आहे?’ हा प्रश्न सातवीतल्या मुलाला शिकवता येतो. आपण शिकवत नाही.

एक आक्षेप

आता आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लहान मुलांना एवढं सांगून त्यांचा गोंधळ होईल. आधी गुणाकार पक्का होऊ द्या, बाकीचं पुढे बघू.

क्रम मला मान्य आहे. पण ‘पुढे’ कधी येतं? बहुतेकांचं भूगोलशिक्षण दहावीला संपतं. ज्यांचं पुढे चालू राहतं ते मूठभर. उपाधी त्या मूठभरांसाठी राखून ठेवल्या, तर बाकीच्यांच्या हाती नुसता विश्वास उरतो.

आणि सांगायला अवघड काही नाही. एकाच तालुक्याचे दोन वेगळ्या प्रमाणांचे नकाशे वर्गात लावा. दोन्हींवर तीच नदी दोऱ्यानं मोजायला द्या. आकडे वेगळे येतील. मुलं म्हणतील, कोणाचं तरी चुकलं. मग शिक्षकांनी सांगावं, कोणाचंच चुकलं नाही, आणि कारण शोधायला सांगावं. एक तास पुरतो.

या अनुमानाच्या पायाशी प्रत्यक्ष आहे, हेही मुलांना कळायला हवं. १८०२ साली विल्यम लँबटननं मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी पुन्हा पुन्हा ठेवून. साडेसात मैलांना सत्तावन्न दिवस लागले, कारण उन्हानं साखळी किती लांबते त्याचाही हिशेब ठेवायचा होता. त्या रेषेवर त्रिकोण, त्यावर आणखी त्रिकोण, आणि त्यातून हिंदुस्थानचा नकाशा. त्यांना आपल्या साखळीच्या उपाधी माहीत होत्या. त्यांनी ज्या दक्षतेनं मोजलं, तिच्या शंभराव्या हिश्शानं आपण वाचलं तरी पुष्कळ झालं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, आता फोन थेट अंतर सांगतो. पट्टी आणि प्रमाण यांची गरजच काय?*

फोन पट्टी लावत नाही हे खरं. त्याच्याकडे रस्ता म्हणजे बिंदूंची माळ असते, आणि तो बिंदू-बिंदूंमधली अंतरं बेरीज करतो. बिंदू विरळ असले तर वळणं कापली जातात, म्हणजे आपली चौथी उपाधी पुन्हा आलीच. सकाळी चालायला जाणाऱ्या दोघांनी आपापले फोन ताडून बघावेत. बरोबर चाललेल्या दोघांचे आकडे क्वचितच जुळतात. एकाचा फोन थोड्या थोड्या वेळानं जागा नोंदवतो, दुसऱ्याचा उशिरा. शिवाय जागा नोंदवताना थोडं इकडेतिकडे होतं, त्यानं अंतर वाढतंही. प्रमाण गेलेलं नाही, फक्त दिसेनासं झालंय. दिसत नाही म्हणून जास्त जपायला हवं.

*प्रश्न: आमच्या शेताच्या बांधाचा वाद आहे. गावनकाशावरून क्षेत्रफळ काढलं तर चालेल का?*

वादाचा निकाल मोजणी खात्याच्या प्रत्यक्ष मोजणीनं होतो, माझ्या व्याख्यानानं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. लांबीत झालेली चूक क्षेत्रफळात साधारण दुप्पट होते. जुना कागद दमट हवेत फुगतो, आकसतो. त्याची छायाप्रत काढली की आणखी फरक. समजा लांबी दोन टक्के चुकली, तर क्षेत्रफळ चार टक्के चुकतं. एकरात चाळीस गुंठे. त्याचे चार टक्के म्हणजे १.६ गुंठा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. म्हणजे एकरामागे १,७०० चौरस फुटांवर फरक पडला, आणि कागदावर तो दिसलाही नाही. भावाशी बोलणं बंद करायच्या आधी कागद कितव्या प्रतीचा आहे ते बघा.

*प्रश्न: मी स्पर्धा परीक्षा देते. पेपरात महाराष्ट्राचा किनारा ७२० लिहू की ८७८?*

तुमच्या पेपरात ज्याला मार्क मिळतात ते लिहा. त्यासाठी आयोगाची उत्तरतालिका बघा. तुमची नोकरी माझ्या तत्त्वज्ञानापायी जायला नको. पण उद्या तुम्ही अधिकारी व्हाल, किनाऱ्यावरच्या एखाद्या तालुक्यात जाल आणि कोणीतरी तुमच्यापुढे नकाशा पसरेल. तेव्हा सही करण्यापूर्वी कोपऱ्यातलं प्रमाण वाचा, रेषेची जाडी त्या प्रमाणानं गुणा आणि तेवढ्या पट्ट्यात कोणाकोणाची घरं येतात ते स्वतः जाऊन बघून या.